सहा तासांचा नियम आणि 1898 चं 1989: हाडांच्या इन्फेक्शनवरचे संदर्भ कसे वाचावेत

प्रश्न थोडक्यात असा: "ऑर्थोपेडिक्सच्या एमएसचं दुसरं वर्ष. थिसिसचा विषय उघड्या, म्हणजे जखम थेट मोडलेल्या हाडापर्यंत गेलेल्या, फ्रॅक्चरमधलं इन्फेक्शन. रिव्ह्यू ऑफ लिटरेचरसाठी गूगल स्कॉलरवरून सर्वाधिक सायटेशन असलेले 50 पेपर काढले. गाईड म्हणतात, यातले निम्मे जुने आहेत, गेल्या दहा वर्षांतले घे. पण ज्याचा सगळ्यात जास्त लोकांनी संदर्भ दिलाय तोच सगळ्यात भरवशाचा पेपर नाही का?"

नाही. पण नुसतं वर्ष बघून चाळणी लावणंही बरोबर नाही. सायटेशनचा आकडा एवढंच सांगतो की लिहिणाऱ्यांना त्या पेपरची गरज पडली. कशासाठी पडली, त्यांनी तो उघडून वाचला का, आणि त्यात आहे तेच पुढे सांगितलं का, हे आकड्यात दिसत नाही. आपल्या विषयात या तिन्ही ठिकाणी मोठ्या फटी आहेत, आणि त्यांची किंमत शेवटी रुग्णाचा पाय मोजतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याच्या थिसिसचा कच्चा मसुदा तपासत होतो. "उघड्या फ्रॅक्चरचं डिब्राइडमेंट सहा तासांच्या आत झालं पाहिजे" या वाक्यापुढे (डिब्राइडमेंट म्हणजे जखमेतली घाण आणि मेलेला भाग कापून साफ करणं) संदर्भ होता: फ्रीडरिश, 1989. पाउल लेओपोल्ड फ्रीडरिश या जर्मन सर्जनचा तो पेपर 1898 चा आहे. टायपिंगची चूक समजून लाल पेनने गोल केला आणि पुढे गेलो. दोन वर्षांनी दुसऱ्या विद्यार्थ्याच्या मसुद्यात तेच वाक्य आणि तेच 1989. मग मात्र लायब्ररीत गेलो, आधीच्या बॅचेसचे थिसिस काढून बसलो आणि उलटं मागे जात गेलो. एका जुन्या, काळ्या बाइंडिंगच्या थिसिसमध्ये हे आकडे पहिल्यांदा उलटे झालेले सापडले. तिथून पुढच्या प्रत्येकाने ती ओळ जशीच्या तशी उचलली होती. मूळ पेपर कोणीही पाहिला नव्हता.

हे फक्त आपल्याकडे होतं असं नाही. सिमकिन आणि रॉयचौधुरी या दोघांनी 2003 मध्ये संदर्भयाद्यांतल्या अशाच चुकांचा माग काढला. तीच चुकीची पान-संख्या, तोच चुकीचा खंड किती जणांच्या यादीत उतरलाय, यावरून त्यांनी अंदाज बांधला की संदर्भ देणाऱ्यांपैकी जेमतेम 20 टक्के लोक मूळ लेख वाचत असावेत. तो अंदाज आहे हे लक्षात ठेवा, पण थिसिस तपासताना मला तो अवास्तव वाटत नाही.

आता 1989 आणि 1898 मधला फरक नुसता छपाईचा नाही. 1989 वाचणाऱ्याला वाटतं की हा अँटिबायोटिकच्या काळातला, माणसांवरचा अभ्यास असणार. 1898 मध्ये एक्स-रे सापडून तीन वर्षं झाली होती आणि पेनिसिलिन तीस वर्षं दूर होतं. फ्रीडरिशने गिनीपिगच्या स्नायूत जखमा केल्या, त्यांत माती आणि धूळ भरली, आणि वेगवेगळ्या वेळी जखमेच्या कडा कापून काढून पाहिलं. सहा तासांच्या आसपास जंतूंची वाढ सुरू होते आणि त्यानंतर कापून काढण्याचा फायदा कमी होत जातो, असं त्याला दिसलं. फ्रॅक्चर नाही, माणूस नाही, अँटिबायोटिक नाही. त्या काळासाठी प्रयोग उत्तमच होता. आपण मात्र त्यातला एक आकडा उचलला आणि शंभर वर्षं माणसाच्या नडगीला लावला. एकाने दुसऱ्याचा संदर्भ दिला, दुसऱ्याने पाठ्यपुस्तकाचा, पाठ्यपुस्तकाने आधीच्या पाठ्यपुस्तकाचा. पिढ्यानपिढ्या लोकांनी लिहिलंय म्हणजे खरंच असणार, असं वाटायला लागलं.

त्या आकड्याखाली मी स्वतः काम केलंय. रोटाव्हेटरमध्ये पाय सापडलेला एक तरुण शेतकरी रात्री उशिरा कॅज्युअल्टीला आला. दोन ठिकाणी थांबून आला होता, साडेआठ तास उलटून गेले होते. सहा तास गेलेत, आता एक मिनिटही घालवायचं नाही, एवढंच सगळ्यांच्या डोक्यात. पहाटे तीनला, मिळेल त्या माणसांनिशी, अपुऱ्या उजेडात डिब्राइडमेंट केलं. चौथ्या दिवशी पोटरीमागून पू आला. पुन्हा उघडलं तेव्हा स्नायूंच्या थरात काळी माती तशीच होती. नंतर केसपेपर नीट चाळताना दिसलं की आधीच्या दोन्ही ठिकाणी अँटिबायोटिकचं एकही इंजेक्शन दिलेलं नव्हतं. घड्याळाकडे सगळ्यांचं लक्ष होतं, सुईकडे कुणाचंच नव्हतं. एका केसवरून काही सिद्ध होत नाही, पण त्या दिवसापासून मी संदर्भ उलटे वाचायला लागलो.

उलटे वाचले की काय दिसतं ते बघा. पत्झाकिस आणि सहकाऱ्यांचा 1974 चा पेपर: उघड्या फ्रॅक्चरमध्ये अँटिबायोटिक न दिलेल्या गटात इन्फेक्शन 13.9 टक्के, पेनिसिलिन आणि स्ट्रेप्टोमायसिन दिलेल्या गटात सुमारे 10 टक्के, सेफॅलोथिन दिलेल्यांत 2.3 टक्के. त्याच पत्झाकिसने विल्किन्ससोबत 1989 मध्ये (हे 1989 खरं आहे) 1,104 उघड्या फ्रॅक्चरच्या जखमांचा आढावा घेतला. पहिल्या तीन तासांत अँटिबायोटिक मिळालेल्यांत इन्फेक्शन 4.7 टक्के, नंतर मिळालेल्यांत 7.4 टक्के. मग 2010 मध्ये पोलॅक आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या मोठ्या ट्रॉमा सेंटर्समधल्या 315 रुग्णांचा डेटा मांडला, सगळ्या पायाच्या गंभीर उघड्या दुखापती. 27 टक्क्यांना इन्फेक्शन झालं. दुखापतीपासून डिब्राइडमेंटपर्यंत किती तास गेले याचा इन्फेक्शनशी संबंध दिसला नाही. ज्या सेंटरला शेवटपर्यंत उपचार होणार तिथे पोहोचायला किती वेळ लागला, याचा मात्र दिसला.

आपल्याकडच्या रुग्णासाठी हे शेवटचं वाक्य फार मोलाचं आहे. तालुक्याहून जिल्ह्याला आणि तिथून मेडिकल कॉलेजला, असा जो प्रवास होतो, त्यातला वेळ मोजायला हवा. पण तो वेळ किती थिसिसमध्ये वेगळा नोंदलेला असतो? तुम्ही तरी नोंदवा.

आता दुसरी बाजू, आणि ती तितकीच काळजीची आहे. पोलॅकचा पेपर हल्ली उलट्या कामासाठीही वापरला जातो: "वेळेचा संबंध नाही, उद्याच्या लिस्टला घेऊ." पेपर असं म्हणत नाही. तो निरीक्षणात्मक अभ्यास आहे, कुणालाही चिठ्ठी टाकून उशिराच्या गटात घातलेलं नव्हतं. ज्याची जखम सगळ्यात वाईट, त्याला डॉक्टर आधी ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) घेतात. मग लवकर झालेल्या गटातच वाईट केसेस गोळा होतात आणि वेळेचा फायदा आकड्यांत झाकला जातो. म्हणूनच ब्रिटनच्या 2017 च्या ऑर्थोप्लास्टिक मार्गदर्शक सूचनांनी घड्याळ फेकून दिलं नाही. खूप माखलेली जखम किंवा रक्तपुरवठा तुटलेला असेल तर लगेच, जोरदार माराची इतर उघडी फ्रॅक्चर्स 12 तासांत, बाकीची 24 तासांत, आणि तेही हाडाचा आणि प्लास्टिकचा वरिष्ठ सर्जन एकत्र असताना. "सहा तास" लिहिणारा आणि "वेळेचा संबंध नाही" लिहिणारा, दोघांकडेही भरभक्कम संदर्भ असतात. फरक कळतो तो मूळ पेपर उघडल्यावर.

तुमच्या यादीत सगळ्यात वर गुस्टिलो आणि अँडरसन यांचा, उघड्या फ्रॅक्चरचे गंभीरतेनुसार तीन प्रकार पाडणारा पेपर असणारच. 1976, मिनियापोलिसचं हेनेपिन काउंटी मेडिकल सेंटर, 1,025 उघडी फ्रॅक्चर्स: 1955 ते 1968 मधली 673 मागे वळून पाहिलेली आणि 1969 ते 1973 मधली 352 आधीपासून ठरवून पाहिलेली. तिसऱ्या प्रकारच्या फ्रॅक्चरमध्ये इन्फेक्शन पहिल्या काळात 44 टक्के होतं, दुसऱ्या काळात 9 टक्के. थिसिसमध्ये तुम्ही त्याचा संदर्भ द्याल तो बहुधा या निष्कर्षासाठी नाही, "आम्ही गुस्टिलो वर्गीकरण वापरलं" एवढं सांगायला. म्हणजे तो संदर्भ मोजपट्टीचा आहे. सुताराने फूटपट्टी वापरली म्हणून तिच्या कंपनीशी त्याचं एकमत आहे असं कोणी म्हणत नाही. वर्गीकरणाच्या पेपरांची सायटेशन्स अशीच वाढतात, शाळेच्या हजेरीपटासारखी. सहमतीचा आकडा म्हणून ती वाचू नका.

इथे एक चूक जवळजवळ प्रत्येक मसुद्यात सापडते. "गुस्टिलो-अँडरसन 3बी (1976)". 1976 च्या पेपरमध्ये 3ए, 3बी, 3सी नाहीतच. ते तिसऱ्या प्रकाराचे उपप्रकार 1984 चे, गुस्टिलो, मेंडोझा आणि विल्यम्स यांचे, आणि त्या पेपरवर अँडरसनचं नाव नाही. तुमच्या केसेस 3ए आणि 3बी मध्ये विभागल्या असतील तर 1984 चा संदर्भ द्या. आणि त्यालाच लागून ब्रमबॅक आणि जोन्स यांचा 1994 चा पेपर वाचा. त्यांनी 245 ऑर्थोपेडिक सर्जन्सना उघड्या टिबिया (नडगीच्या हाडाच्या) फ्रॅक्चरच्या केसेस दाखवल्या आणि वर्गीकरण करायला सांगितलं. सरासरी एकमत 60 टक्के. इतकं वापरलं जाणारं वर्गीकरण, आणि ते लावणाऱ्यांत इतकी तफावत! तुमच्या थिसिसमध्ये ग्रेड कोणी ठरवली, कॅज्युअल्टीत ठरवली की डिब्राइडमेंटनंतर ओटीत, हे एका ओळीत लिहिलंत तर ती ओळ मला दहा संदर्भांपेक्षा जास्त आवडेल.

प्रोस्थेटिक जॉइंट इन्फेक्शनच्या, म्हणजे बसवलेल्या कृत्रिम सांध्यातल्या इन्फेक्शनच्या, व्याख्यांचंही तसंच. 2011 ची मस्क्युलोस्केलेटल इन्फेक्शन सोसायटीची व्याख्या, 2013 ची फिलाडेल्फियाच्या जागतिक परिषदेतली, 2018 ची गुण देणारी, 2021 ची युरोपियन. प्रत्येक नवा पेपर मेथड्समध्ये यातली एक टाकतो, म्हणून यांची सायटेशन्स फुगतात. तोच रुग्ण एका व्याख्येने इन्फेक्टेड आणि दुसरीने संशयित ठरू शकतो. दोन पेपरांचे टक्के शेजारी ठेवण्याआधी व्याख्या जुळते का ते पाहा. तुमचा विषय फ्रॅक्चरचा आहे, म्हणून इथे थांबत नाही.

इतक्या जुन्या आणि छोट्या पेपरांवर हा विषय का उभा आहे, हेही समजून घ्या. नियोजित सांधेबदलानंतर इन्फेक्शनचं प्रमाण साधारण 1 ते 2 टक्के. समजा एखाद्या उपायाने ते 2 वरून 1 टक्क्यावर येतं आणि तुम्हाला ते 80 टक्के पॉवरने (फरक खरंच असेल तर तो सापडण्याची शक्यता 80 टक्के ठेवून) सिद्ध करायचंय. हिशेब मांडा: प्रत्येक गटात सुमारे 2,300 रुग्ण लागतात, म्हणजे एकूण 4,600. एवढा मोठा अभ्यास कोण करणार? म्हणून एखादी छोटी चाचणी निघाली की सगळे तिच्याभोवती गोळा होतात.

सगळ्यात ठळक उदाहरण रिफॅम्पिसिन या अँटिबायोटिकचं. स्वित्झर्लंडच्या झिम्मर्ली आणि सहकाऱ्यांची 1998 ची चाचणी: इम्प्लांट (हाडात बसवलेली धातूची पट्टी, सळई किंवा कृत्रिम सांधा) न काढता स्टॅफिलोकॉकस जंतूंच्या इन्फेक्शनवर उपचार. एकूण 33 रुग्ण. उपचार पूर्ण करणाऱ्यांत सिप्रोफ्लॉक्सॅसिनसोबत रिफॅम्पिसिन मिळालेले 12 पैकी 12 बरे, नुसतं सिप्रोफ्लॉक्सॅसिन मिळालेले 12 पैकी 7. काम दर्जेदार आहे, चिठ्ठ्या टाकून केलेलं आहे, आणि त्यामागे त्या गटाचा प्राण्यांवरचा वर्षानुवर्षांचा अभ्यास आहे. पण त्या 24 माणसांवर जगभराच्या मार्गदर्शक सूचना उभ्या आहेत. 2004 मध्ये झिम्मर्ली, ट्रॅम्पुझ आणि ऑक्सनर यांचा रिव्ह्यू न्यू इंग्लंड जर्नलमध्ये आला आणि तेव्हापासून बरेच जण मूळ चाचणीऐवजी रिव्ह्यूचाच संदर्भ देतात. मग वाचणाऱ्याला 33 हा आकडा दिसतच नाही. 2020 मध्ये नॉर्वेतून दुसरी चाचणी आली. 48 रुग्णांच्या विश्लेषणात रिफॅम्पिसिन मिळालेल्या आणि न मिळालेल्या दोन्ही गटांत साधारण सारखेच, 70 टक्क्यांच्या थोडे वर, बरे झाले. म्हणून रिफॅम्पिसिन निरुपयोगी ठरत नाही, कारण तीही छोटीच चाचणी आहे आणि सोबतची औषधं वेगळी होती. पण 1998 चा संदर्भ द्यायचा तर 2020 चा शेजारी हवाच.

आणि आपल्या देशात एक गोष्ट त्या दोन्ही पेपरांत सापडणार नाही. रिफॅम्पिसिन हे आपल्या टीबीच्या उपचाराचा कणा आहे. महिनोन् महिने वाहणारा सायनस (हाडातला पू कातडीबाहेर येण्याची वाट) घेऊन आलेल्या माणसाचा टीबी नीट तपासल्याशिवाय रिफॅम्पिसिन सुरू केलं, तर निदान झाकलं जातं आणि रेझिस्टन्सला दार उघडतं. स्वित्झर्लंडच्या पेपरमध्ये ही ओळ नसणं साहजिक आहे. तुमच्या थिसिसमध्ये ती नसणं साहजिक नाही.

सायटेशनला पैशाची जोड मिळाली की काय होतं, तेही सांगतो. ब्रिटिश हिप सर्जन चार्नलीने 1972 मध्ये ओटीतली हवा स्वच्छ करण्याचे आपले अनुभव मांडले. हिप बदलल्यानंतरचं इन्फेक्शन सुमारे 7 टक्क्यांवरून 1 टक्क्याच्या खाली आलं. त्याच वर्षांत टाके घालण्याची पद्धत, ग्लव्ह्ज आणि गाउन हेही बदलले होते. 1982 मध्ये लिडवेल आणि सहकाऱ्यांची 8,000 वर ऑपरेशन्सची चाचणी आली. अतिस्वच्छ हवेत इन्फेक्शन 0.6 टक्के, साध्या ओटीत 1.5 टक्के. मात्र अँटिबायोटिक कोणाला द्यायचं हे चिठ्ठीने ठरलेलं नव्हतं, ते सर्जनच्या मर्जीवर होतं. पुढे 2008 मध्ये जर्मनीच्या आणि 2011 मध्ये न्यूझीलंडच्या मोठ्या नोंदींत लॅमिनार फ्लोचा (ओटीत एकाच दिशेने सोडलेल्या गाळलेल्या हवेचा) फायदा दिसला नाही, आणि 2016 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांधेबदलात इन्फेक्शन टाळण्यासाठी लॅमिनार फ्लो वापरू नये असं सुचवलं, पुरावा कमी दर्जाचा आहे हे सांगूनच. तरी मॉड्युलर (तयार भाग जोडून उभारायच्या) ओटीच्या माहितीपत्रकांत मला चार्नली आणि लिडवेलच भेटतात, पुढचे भेटत नाहीत. छोट्या गावातला सर्जन कर्ज काढून ओटी बांधतो तेव्हा त्याच्या हातात तेच माहितीपत्रक असतं. त्याला दुसरी बाजू सांगणं हे आपलं काम आहे.

काही संदर्भ न वाचताही बरोबर दिले जातात, हेही मान्य करायला हवं. बुखहोल्झ आणि एंगेलब्रेख्ट यांनी 1970 मध्ये हॅम्बर्गहून, जर्मन भाषेत, कृत्रिम सांधा बसवायच्या सिमेंटमध्ये अँटिबायोटिक मिसळण्यावर लिहिलं. इंग्रजी पेपरांत तो संदर्भ सतत दिसतो आणि तो योग्यच आहे. पहिलं श्रेय ज्याचं त्याला मिळालं पाहिजे.

आपल्याच लोकांचे संदर्भ आपण किती देतो, हा माझ्या मनात कायम सलणारा प्रश्न आहे. मणक्याच्या टीबीत वाराणसीच्या डॉ. तुली यांचा 1975 चा "मधला मार्ग" जगभर वाचला जातो. आधी औषधं, आणि गरज पडेल तेव्हाच ऑपरेशन, ही दिशा त्यांनी दिली. उघड्या टिबिया फ्रॅक्चरमध्ये कोइंबतूरच्या गंगा हॉस्पिटलचा स्कोअर 2006 मध्ये आला, खास 3ए आणि 3बी साठी. त्यात कातडी, हाड आणि स्नायू-कंडरा-मज्जातंतू यांना वेगवेगळे गुण आहेत. 14 पर्यंत असेल तर पाय वाचवायचा, 17 आणि वर असेल तर कापण्याचा विचार. आपल्या रस्त्यांवरचे रुग्ण, आपल्या ओटीतला अनुभव. तरीही मराठवाडा-विदर्भातल्या केसेसवरच्या थिसिसमध्ये फक्त गुस्टिलो असतो आणि गंगा स्कोअर नसतो, असं मी कितीदा पाहिलंय.

यात उपलब्धतेचाही भाग आहे. जे उघडता येतं तेच वाचलं जातं. मुंबईच्या केईएम आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजमधून 1955 पासून निघणारं जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन 2001 मध्ये इंटरनेटवर मोफत खुलं झालं. त्याच्याशी संबंधित मंडळींनी 2005 मध्ये दाखवलं की त्यानंतर त्यातल्या लेखांना जास्त आणि लवकर संदर्भ मिळू लागले. लेख तेच होते, फक्त दार उघडलं. तेव्हा एखाद्या भारतीय पेपरला कमी सायटेशन आहेत म्हणून तो यादीतून काढू नका.

तुमच्या 50 पेपरांचं आता काय करायचं? प्रत्येकापुढे एका शब्दात लिहा की तो तुम्हाला कशासाठी हवाय: मोजपट्टी, निष्कर्ष, इतिहास, की मतभेद. जे "निष्कर्ष" म्हणून हवेत ते बहुधा पंधराच्या आत निघतील. तेवढे पूर्ण वाचा, अ‍ॅब्स्ट्रॅक्टवर थांबू नका. रुग्ण किती, चिठ्ठी टाकली होती का, इन्फेक्शन कशाला म्हटलं, किती महिने पाठपुरावा केला, हे चार रकाने स्वतः भरा. मग गूगल स्कॉलरवर त्या पेपरखाली, त्याचा संदर्भ देणाऱ्यांची यादी उघडते तिच्यात जा आणि विरोधात काय आलंय ते शोधा. पबमेडवर पेपर मागे घेतलाय का तेही पाहून घ्या. स्कॉलरचा आकडा स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्सपेक्षा जवळजवळ नेहमी मोठा दिसतो, कारण त्यात थिसिस आणि पुस्तकंही मोजली जातात. बायोफिल्मवरचा (जंतूंच्या चिकट थरावरचा) 1999 चा कॉस्टर्टनचा पेपर दातांच्या डॉक्टरांपासून युरोलॉजिस्टपर्यंत सगळे वापरतात, त्याची तुलना नडगीच्या फ्रॅक्चरवरच्या पेपरशी करून काही हाती लागत नाही.

गाईडना सांगा की 1976, 1984 आणि 1974 चे पेपर राहतील, कारण वर्गीकरण आणि अँटिबायोटिकचा पाया तिथे आहे, आणि त्या प्रत्येकाशेजारी गेल्या दहा-पंधरा वर्षांतला, त्याला तपासून पाहणारा एक पेपर असेल. ते ऐकतील. सहा तासांबद्दल लिहाल तेव्हा फ्रीडरिशचं वर्ष 1898 लिहा आणि पुढे कंसात "गिनीपिग" हा शब्द टाका.